मामांचा सत्कार

“शाली संपल्या,” पडद्याआडून शिवाप्पाचा आवाज आला.

मी माईकवर हात ठेवला. “पहिल्या रांगेत ज्यांना दिल्यात, त्यांच्याकडून परत घे.”

“परत? सत्कार झालेल्या माणसाच्या अंगावरनं शाल काढून घिऊ?”

“घडी घालून घरपोच करतो म्हणून सांग. आणि नारळही आण.”

शिवाप्पा आमच्या प्रतिष्ठानाचा जुना शिपाई. नोकरीत त्याने पुष्कळ येडेपणा पाहिला होता, पण तो साहेब लोकांचा. बाईंचं डोकं फिरलेलं तो पहिल्यांदाच पाहत होता. मान हलवत तो निघून गेला आणि मी माईकवरचा हात काढून सभागृहाला सांगितलं की, आता आपण अशा एका व्यक्तीचा गौरव करणार आहोत, जिच्याशिवाय हा सोहळा आपल्याला ऐकूसुद्धा आला नसता. कोपऱ्यात वायरींच्या गुंत्यात बसलेला साउंडवाला दचकून उठला. त्याला वाटलं, काहीतरी बिघडलं. त्याचं नाव, गाव, शिक्षण, ध्वनिक्षेपण क्षेत्रातली त्याची वाटचाल असं मी सगळं सावकाश बोलले. निम्मं मनाचं होतं. त्यानेही ते मन लावून ऐकलं.

त्याच्या आधी मांडववाल्याचा सत्कार झाला होता. फुलांच्या माळा ओवणाऱ्या मावशींचा झाला होता. मातोश्रींचं तैलचित्र काढणाऱ्या पेंटरचा झाला होता, आणि पेंटर व्यासपीठावर आलाच आहे म्हणून त्याच्या चित्रकलेच्या मास्तरांचाही. कुणी हूं की चूं केलं नाही. आमच्याकडे भाषण लांबलं तर लोक जांभया देतात, टाळ्या वाजवून वक्त्याला खाली बसवतात, पण सत्कार सुरू असताना कुणी आवरा म्हणत नाही. म्हणणार कोण? ज्याचा झाला तो तृप्त असतो आणि ज्याचा व्हायचा आहे तो आशेवर असतो.

या एका गोष्टीवर त्या दिवशी नंदाचा जीव टांगलेला होता.

नंदा म्हणजे राजनंदिनी. व्यासपीठावर माझ्यापासून हाताच्या अंतरावर, मखमली खुर्चीत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत बसलेले रंगराव चोपडे तिचे सख्खे मामा. त्या दिवसाचे सत्कारमूर्ती तेच. आमच्या प्रतिष्ठानाचा ‘मानवी हक्क मित्र’ पुरस्कार त्यांना द्यायचा होता. आणि त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला विवाह नोंदणी कार्यालयात त्यांची भाची प्रशिक बनसोडे नावाच्या मुलाशी लग्न करत होती. प्रशिक रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला होता. मुलगा चांगला होता, पण चोपड्यांच्या जातीचा नव्हता. ‘दिसली की दोघांनाबी विहिरीत टाकतो,’ असं रंगराव चार माणसांत बोलून चुकले होते, आणि ते नुसतं तोंडचं बोलणं नव्हतं. वरच्या अंगाच्या एका गावात आदल्या वर्षी असंच एका मुलीला विहिरीत टाकलं होतं. ती पाय घसरून पडली असं तिच्या घरच्यांनी सांगितलं, आणि गावाने ते मान डोलावून ऐकून घेतलं.

आता आमच्या प्रतिष्ठानाबद्दल सांगते. आप्पासाहेब कोठावळे हे हळदीचे मोठे व्यापारी. आईच्या नावाने त्यांनी ‘मातोश्री गयाबाई कोठावळे प्रतिष्ठान’ काढलं आणि गावभर आईचे चेहरे लावले. बागेतल्या बाकांवर मातोश्री, पाण्याच्या टाकीवर मातोश्री, स्मशानातल्या शेडवरही मातोश्री. मेलेल्या माणसाला निरोप द्यायला त्या चितेसमोर हसत उभ्या असत. ‘सामाजिक संस्थांना अनुदान देणारी जिल्ह्यातील एकमेव स्थानिक संस्था’ असं आमच्या माहितीपत्रकावर छापलेलं होतं. ते अगदी खरं होतं. दुसरी एखादी असती तर आमच्या दारात कुणी आलंच नसतं.

मी तिथे समन्वयक होते. म्हणजे संस्थांचं म्हणणं विश्वस्तांना समजेल अशा भाषेत सांगायचं आणि विश्वस्तांचा नकार संस्थांना सहन होईल अशा भाषेत. पुण्यातल्या कुठल्याशा परिषदेहून आप्पासाहेब एकदा परत आले ते ‘नागरी समाज आणि मानवी हक्क’ हे शब्द घेऊन. आठवडाभर ते सारखे तेच बोलत होते. लगेच त्या नावाचा विभाग निघाला, विभागाला पाटी लागली. मग मजुरीचा प्रश्न घेऊन संस्था आल्या, त्यांना आम्ही शिलाई मशिनं दिली. पाण्यावरून वाळीत टाकलेल्या वस्तीतली माणसं आली, त्यांनाही शिलाई मशिनं दिली. मशीनचा फोटो छान निघतो. शेजारी आप्पासाहेब उभे राहिले की आणखी छान निघतो.

हौसाताई सनदी आमच्याकडे आल्या त्या याच विभागात. त्या एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसायचं सोडून त्यांनी घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणाऱ्या पोरापोरींना सांभाळायला चार बायका जमवून संघटना काढली होती. गच्च भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा त्यांचा आवाज आमच्या वातानुकूलित खोलीत मावत नसे.

“मशीन नगं साहेब,” त्या आप्पासाहेबांना म्हणाल्या होत्या. “मला एक भाड्याची खोली पायजे, एक वकील पायजे आणि गाडीत डिझेल पायजे. पोरीच्या मागं भाऊ कोयता घिऊन लागला तर ती काय मशीनवर बसून पळणार हाय?”

आप्पासाहेब हसले. त्यांना गरिबांचा विनोद आवडत असे. “ताई, त्या खोलीवर आपल्या मातोश्रींची पाटी लावता येईल?”

“पाटी लावली तर लपायची खोली कसली ती?”

“मग आमच्या विश्वस्तांना आम्ही काय दाखवायचं? भाडं दिसत नाही हो. डिझेल दिसत नाही. वकिलाचा फोटो काढून काय करू?”

हौसाताईंना मशिनं मिळाली. त्यांनी ती फोटो काढून झाल्यावर त्याच आठवड्यात विकली आणि खोली भाड्याने घेतली. ‘मशिनं कशी चालली आहेत?’ असं आप्पासाहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की फार उत्तम, मुलींना त्यांचा मोठा आधार झाला आहे. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

त्या खोलीत नंदा राहत होती. लग्नाची नोटीस दिली होती. आणि ही नोटीस म्हणजे तरी काय, तर ज्यांच्यापासून लपायचं त्यांनाच आम्ही अमुक कचेरीत येणार आहोत म्हणून कळवायचं. ती कचेरीच्या फळ्यावर लागते, येणारा जाणारा वाचतो. रंगरावांनाही ती त्याच दिवशी कळली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. नोटिशीची मुदत संपली की दोघांना तिथेच यावं लागणार, एवढं त्यांना कळत होतं. तेव्हापासून त्यांची माणसं कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर पाळीपाळीने बसू लागली. त्यांचा म्होरक्या बापू, रंगरावांचा उजवा हात.

मी नंदाला एकदाच भेटले होते, तिला कपडे नेऊन द्यायला गेले तेव्हा. बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची मुलगी. वडील लहानपणीच गेले म्हणून आईबरोबर मामाकडेच वाढलेली. मला वाटलं, भीतीने गारठलेली असेल. तिने पहिला प्रश्न काय विचारला?

“मामा बरा हाय का? त्याची शुगर वाढती ताण आला की. गोळी कोण देतंय कुणास ठाऊक.”

मी थक्क झाले. “तुला मारायला टपलाय तो.”

“ते रागात बोललंय,” ती म्हणाली. “मला खांद्यावर घिऊन जत्रंत हिंडायचा. म्हणायचा, तुझ्या लग्नात तुला चालत आणणार नाही, उचलूनच मांडवात आणणार. मामानंच आणायचं असतंय न्हवं नवरीला?”

“हो. आता वेगळ्या कारणासाठी उचलायला बसलाय,” मी म्हटलं. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. पोरीचा चेहरा उतरला आणि मला वाईट वाटलं, पण असल्या मायेची मला चीडच येते.

आणि अशात आप्पासाहेबांनी जाहीर केलं की यंदाचा मानवी हक्क मित्र पुरस्कार रंगराव चोपड्यांना.

“त्यांनी आपलं मंगल कार्यालय कार्यक्रमाला फुकट दिलंय,” आप्पासाहेब म्हणाले. “आणि कार्य बघा ना त्यांचं. दरवर्षी सामुदायिक विवाह लावतात. किती गोरगरीब मुलींचे ते मामा झाले. उगीच का लोक त्यांना मामासाहेब म्हणतात?”

“आप्पासाहेब, त्यांची सख्खी भाची त्यांच्या भीतीने लपून बसली आहे. अख्ख्या गावाला माहीत आहे.”

“ते त्यांचं घरगुती झालं, वृंदाताई. आपण सार्वजनिक कार्य बघायचं.”

बाकीच्या विश्वस्तांनी माना डोलावल्या. एकाने काजू खाता खाता सुचवलं की, सर्वसमावेशक वाटावं म्हणून हौसाताईंनाही एखादा उत्तेजनार्थ पुरस्कार द्यावा. एकाच व्यासपीठावर दोघं. फोटो चांगला येईल.

हे सांगायला मी हौसाताईंकडे गेले ती संतापूनच. त्या गवारी निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि निवडतच राहिल्या.

“कार्यक्रम कवा हाय म्हणालात?”

“दहा डिसेंबर. मानवी हक्क दिन ना.”

“कामाचा दिस. हापिस उघडं.” त्यांनी गवारी बाजूला सारली. “आणि टाळ्या वाजवायला माणसं कोण आणणार?”

“रंगरावच. खुर्च्या भरायची जबाबदारी त्यांनी घेतली आहे. सगळी पोरं घेऊन येतो म्हणालेत.”

“सगळी,” हौसाताई म्हणाल्या. “टपरीवरची बी.”

“हो, तीसुद्धा.”

“पोलीस सायेब?”

“प्रमुख पाहुणे आहेत.”

“म्हंजे त्यांचा फोन बी बंद. बाई, असला मुहूर्त भटजीनं बी काढला नसता. तुम्ही फकस्त गाडी थांब्यावर धरून ठेवायची. मी साक्षीदार म्हणून तिकडं असणार. सही झाली, पोरं गाडीत बसून जिल्ह्याभायेर निघाली, की मी तुमच्या हॉलच्या दारात येते आणि डबल बेल देते. तोवर सोडायचं न्हाई.”

“आणि तुमचा उत्तेजनार्थ पुरस्कार?”

“त्यो बी घेते की,” त्या म्हणाल्या. “शाल तेवढी धुतलेली द्या.”

तर मी गाडी धरून ठेवली होती. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. आप्पासाहेबांचं मातोश्रींवरचं भाषण झालं. त्यात मातोश्री बालपणापासून सुरू होतात आणि मध्येच आप्पासाहेबांचा कंठ दाटतो, म्हणून दरवर्षी मी ते कमी करायला सांगत असे. त्या दिवशी मी त्यांना चिठ्ठी पाठवली, ‘लोक भारावलेत, अजून बोला.’ ते बोलले. मानवी हक्क म्हणजे आईची माया, असं त्यांनी सांगितलं. पोलीस साहेबांनी सांगितलं की, मानवी हक्क म्हणजे शिस्त. पाहुण्या प्राचार्यांनी थेट वेदांपासून सुरुवात केली आणि मला मनापासून हायसं वाटलं. मंचासमोर रंगरावांची पोरं रांगेने बसली होती, गळ्यात सोनसाखळ्या, हातात मोबाईल, प्रत्येक वाक्याला टाळ्या. टपरीवरचे चेहरे त्यांच्यात होते. मी ते सारखे मोजत होते.

पण एक कमी होता. बापू दिसत नव्हता.

साउंडवाल्याचा सत्कार संपला. शिवाप्पा पहिल्या रांगेतल्या शाली गोळा करून आला होता, त्यातली एक मी आचाऱ्याला घातली. नारळ तर एकच उरला होता. तो आचाऱ्याच्या हातात दिला, फोटो झाला, शिवाप्पाने तो पडद्याआडून परत माझ्या हातात आणून दिला. शिवाप्पाला आता काय चाललंय ते कळलं नसलं तरी त्यात गंमत यायला लागली होती. शेवटी तोच कानाशी येऊन म्हणाला, “बाई, गाड्या लावून घेणारा राहिलाय बघा.” मी त्याचाही सत्कार केला.

“वृंदाताई,” आप्पासाहेब हळूच म्हणाले, “आता मुख्य पुरस्कार घ्या. जेवणं खोळंबलीत.”

दार रिकामं होतं. हौसाताईंचा पत्ता नव्हता. आणि माझ्याकडे सत्काराला माणूस उरला नव्हता.

मी मानपत्राची चौकट हातात घेतली. तेवढ्यात बाजूच्या पायऱ्यांवरून बापू वर आला, कंबरेत वाकून, व्यासपीठावर माणसं चालतात तसा. धापा टाकत होता. रंगरावांच्या खुर्चीमागे तो टेकला. माईकपासून ती खुर्ची इतकी जवळ होती की मला शब्दन् शब्द ऐकू आला.

“मामा, नंदाताई घावली. रजिस्टर हापिसात हाय, त्या पोराबरोबर. मी गाडी लावून टपरीवर च्या प्यायला गेलो तर आत जाताना दिसली. अजून सही झाली नसंल, गर्दी हाय आत. आत्ता उठला तर दोगंबी हातात हायती.”

रंगरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मानेवरची शीर उठली. त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर पंजे टेकले आणि ते अर्धे उठले. खालच्या पोरांनी ते पाहिलं, त्यातली दोघं-तिघं खुर्च्या सरकवून उभी राहिली. मला त्या क्षणी विहीर दिसली. खरंच सांगते, सभागृह दिसेनासं झालं आणि विहीर दिसली.

मी माईकच्या अगदी जवळ गेले आणि मला येत होता तेवढा गोडवा आवाजात आणून म्हणाले, “आणि आता तो क्षण, ज्याची आपण सारे आतुरतेने वाट पाहत आहोत. ज्यांनी शेकडो लेकींच्या पाठीशी मामा म्हणून उभं राहून…”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोलीस साहेबांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरावाला गुडघ्यावर बसला.

रंगराव अर्धे उठलेले होते. त्यांनी समोर पाहिलं. भरलेलं सभागृह पाहिलं, कॅमेरा पाहिला, माझ्या हातातली चंदेरी चौकट पाहिली, तिच्यातला स्वतःचा फोटो पाहिला. मग ते खाली बसले.

“थांब,” ते बापूला म्हणाले. “एवढा सत्कार होऊ दे, मग बघू.”

“मामा, उशीर हुईल…”

“आता उठून गेलो तर हे लोक काय म्हणतील? पोरांना बसायला सांग, टाळ्या व्हायच्यात अजून. आणि तू म्होरं जा, मोबाईलवर नीट शूटिंग घे. मागच्या टायमाला माझं निम्मं तोंडच आलं न्हवतं.”

बापू खाली गेला आणि मोबाईल धरून उभा राहिला.

मी मानपत्र वाचायला घेतलं. छापलेलं मानपत्र चौकटीत मावण्याएवढंच होतं. मी त्यात त्यांचं बालपण घातलं. घरची गरिबी घातली. दुष्काळात त्यांनी गुरांना घातलेला चारा घातला. प्रत्येक वाक्यागणिक ते मान हलवत होते. कधीही न घडलेल्या गोष्टींना त्यांचे डोळे पाणावत होते. ‘मुलीचे मामा मुलीला घेऊन या,’ हे शब्द कानी पडताच ज्यांचा ऊर भरून येतो असे आपले मामासाहेब, असं मी म्हणाले आणि त्यांनी खरोखर रुमाल काढला. मला इतकी किळस आली की क्षणभर माझा आवाज घोगरा झाला. लोकांना वाटलं, बाई गहिवरल्या.

आणि मग दारात हौसाताई दिसल्या. केस विस्कटलेले, पदर कंबरेला खोचलेला. त्यांनी उजवा हात वर केला, डोक्यावरची नसलेली दोरी पकडली आणि दोनदा ओढली.

“…अशा मामासाहेबांना हा पुरस्कार प्रदान करताना प्रतिष्ठानास अत्यानंद होत आहे,” मी म्हणाले आणि चौकट आप्पासाहेबांच्या हातात दिली.

फोटो झाल्याबरोबर रंगराव शाल खांद्यावर तशीच टाकून मागच्या दाराने पळाले. पोरं त्यांच्यामागे पळाली. निम्मं सभागृह रिकामं झालं. कचेरीत त्यांना काय सापडणार? शाई वाळलेली होती. हौसाताईंनी त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर आपला उत्तेजनार्थ पुरस्कार घेतला. त्यांच्या अंगावर मी घातलेली शाल साउंडवाला, आचारी आणि गाड्या लावून घेणारा असा प्रवास करून आली होती.

“धुतलेली न्हाई,” त्या वास घेऊन म्हणाल्या. “रश्श्याचा वास मारतोय.”

आप्पासाहेब माझ्यावर फार खूश झाले. इतका भरगच्च कार्यक्रम प्रतिष्ठानाच्या इतिहासात झाला नाही, असं त्यांनी पुढच्या बैठकीत सांगितलं. ते खरंच होतं. इतकी वर्षं मानवी हक्कांच्या नावाने बोर्ड लावले, बाक ठेवले, मशिनं वाटली, आणि प्रतिष्ठानाच्या हातून मानवी हक्कांचं एकमेव काम झालं ते हे की, त्याने एका माणसाला खुर्चीत बसवून कंटाळवाणा कार्यक्रम दाखवला. तेही त्यांना कधी कळलं नाही. मी पुढे ती नोकरी सोडली. प्रतिष्ठान अजून आहे, मशिनं अजून वाटतात.

हौसाताई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. रंगराव गेल्या महिन्यात गेले. पेपरात अर्धं पान फोटो आला, त्या चंदेरी चौकटीसकट. आणि त्यानंतर दोन-चार दिवसांनी माझ्या दारात एक बाई उभी राहिली, बरोबर शाळेतली मुलगी. डोळ्यांवरून मी ओळखलं.

“बडोद्याहून आलो,” नंदा म्हणाली. “मामाच्या घरी चाललेय. प्रशिक म्हणाला, जाऊन ये. आईनं बोलावलंय. पहिल्यांदाच बोलावलंय.”

मी तिला आत घेतलं. ती अंगाने भरली होती, बोलणं शहरी झालं होतं, पण मामा म्हणताना आवाज तोच, त्या खोलीतला. मी चहा टाकला. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“तुम्हाला एक विचारायचं होतं. हौसाआजी एकदा फोनवर म्हणाल्या होत्या की, त्या दिवशी मामाला हॉलमध्येच कळलं होतं. आमची सही व्हायच्या आधी. खरं आहे?”

“खरं आहे. माझ्यासमोर बापूने सांगितलं.”

“आणि तरी तो उठला नाही?”

“नाही उठला.”

तिचे डोळे भरून आले. ती ते पुसेनाही. “मला वाटलंच होतं. सगळे म्हणतात तो कसाई होता. मी प्रशिकला सांगते, अरे, त्याच्या हातात होतं, गाडीने पाच मिनिटांचं अंतर होतं. तो मुद्दाम बसून राहिला. नोंदणीच्या लग्नात मामा लागत नाही हो. पण माझ्या मागे मामा उभा होता असं मी धरते. त्यानेच आणलं मला मांडवात.” मग तिने विचारलं, “त्या बापूला काय म्हणाला तो? तुम्हाला ऐकू आलं असेल.”

सगळं ऐकू आलं होतं. शूटिंग नीट घे, इथपर्यंत. आणि ज्याने आयुष्यभर माझी कुठे नोकरी टिकू दिली नाही, तो माझा तिरकसपणा अगदी ओठांवर आला होता. तिची मुलगी बाहेर खोलीत पेपरातला रंगरावांचा फोटो बघत बसली होती. “आई, हेच का मामाआजोबा?” तिने विचारलं.

“म्हणाले, थांब,” मी सांगितलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

नंदाने पदर तोंडाला लावला आणि ती रडली, खूप दिवस राखून ठेवलेलं रडावं तशी. मी चहा गाळला. रंगराव चोपड्यांचा मी केलेला हा दुसरा सत्कार. पहिल्याइतकाच त्यांना न शोभणारा. फक्त या वेळी मानपत्र मी एका शब्दात आटोपलं.